दोन कसे?

परवा उल्हासनगरच्या दुकानात भाचीसाठी बास्केटबॉल घेतला. नव्या रबराचा तो वास नाकात शिरला आणि मी वीसेक वर्षं मागे, अंबरनाथच्या शाळेच्या मैदानावर, माझ्या पहिल्या मॅचला जाऊन पोचले.

बाबा कारखान्यातून थेट आले होते, हाताला ग्रीस तसंच. मी बास्केट केली, फळ्यावर खडूने आमचे दोन पॉइंट चढले. बाबा तडक गुण लिहिणाऱ्या साहेबांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, पोरीनं बॉल एकदाच टाकला. दोन कसे लिहिले?"

सगळं मैदान हसलं. मी कोर्टातूनच ओरडले, "बाबा, बसा ना! एका बास्केटचे दोनच असतात!"

"असं होय? मग राहू द्या," ते साहेबांना म्हणाले. "आमची पोर फुकटचं घेत नाही, म्हणून विचारलं."

तेव्हा लाजेने मला मान वर करवेना. पुढे मी प्रोफेशनल खेळले, चॅम्पियन टीमची कॅप्टन झाले, पेपरात माझ्याबद्दल बरंच छापून आलं. पण माझी इतकी नेमकी ओळख बाबांनंतर कुणालाच करून देता आली नाही.