मऊ छताखालची हाक

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही गिचमिड आहे, माफ करा. शाळा चौथीपर्यंतच. ही वही कुणाला दाखवत नाही. भुताखेतांवर मी कधी विश्वास ठेवला नाही… तरी झालं ते लिहिते.

आमचे हे बोईसरला छताचं पीओपी करायचे. पाम गावाजवळ एका बंगल्याच्या तळघरात सिनेमा बघायची खोली होत होती. तिच्या छतासाठी त्यांनी मालकांकडून आगाऊ उचल घेतली आणि अर्ध्या कामात तापाने गेले. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून ते सांगायचे, कडक छत आवाज परत फेकतं, मऊ छत गिळतं.

उचल फेडायला मी त्याच बंगल्यात केर-लादी धरली. महिन्याला हजार कापायचे ठरले.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी "अवो" म्हणायची, ते "हां गो, आलो" म्हणायचे. एकदा तळघरात लादी पुसताना सवयीने "अवो" म्हटलं… "अवो"च परत आलं. माझाच आवाज. तरी रोज म्हणू लागले. घरी बोलायला कोण होतं?

पुढे सिनेमातलं बोलणं घुमतं म्हणून त्यांचं छत पाडलं. आत लोकर भरलेले, कापड लावलेले मऊ तक्ते बसवले. मी टाळी वाजवली – जागीच मेली. मग "अवो" म्हटलं… आणि अगदी कानाशी, "हां गो, आलो."

भर दुपार होती, सिनेमाचा पडदा बंद. बंगल्याच्या मालकीणबाई जिन्यावरून वाकून म्हणाल्या, "खाली कोण पुरुष बोलला गं?" खाली येऊन त्यांनी खुर्च्यांमागेही बघितलं. कुणी नव्हतं. घाबरून म्हणाल्या, उरलेली उचल राहू दे, खाली जाऊ नकोस.

"नाय बाई. फक्त हजार नको, पाचशे कापा."

"लोक लवकर फेडायला बघतात, तुझं उलटंच!"

पुढे कितीतरी महिने मी हाक मारायची, ते ओ द्यायचे. बाकी काही बोलत नसत.

हे फक्त दातिवऱ्याला माहेरी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती बोंबील निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "उचल अंगावर असली का त्याला जेवन जात नसे. आनि तू त्याला पाचशे-पाचशेवर अडकवून ठेवलास?"

परत आल्यावर डब्यात साठवलेले सगळे पैसे बाईंच्या हातात दिले. मग खाली जाऊन लादी पुसली. शेवटी हाक मारली. थांबले. पुन्हा मारली.

नुसतं छत.

आधी कोण बोलत होतं आणि आता का नाही, मला आजही सांगता येत नाही. उचल तेवढी पूर्ण फिटली.