बटन नसलेलं घड्याळ

बुद्धिबळात बोलायचं नसतं, म्हणून मी सानपाड्याच्या आमच्या क्लबात जायला लागलो. शाळा आठवीत सुटली, चारचौघांत जीभ रेटत नाही. पण गप्प बसणाऱ्याला माणसं फार दिसतात. बघून बघून इतकं साठलंय, की आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या आसपासची गोष्ट. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये डाव मांडायचे. घड्याळं डिजिटल, पण बटनवाली. चाल केली की बटन दाबायचं. आपली वेळ थांबते, समोरच्याची सुरू होते. मग क्लब चालवणाऱ्या नेन्यांच्या भावाने अमेरिकेहून एक घड्याळ पाठवलं. त्याला बटनच नाही! दोन बाजूंना धातूच्या दोन चकत्या, त्यावर नुसतं बोट टेकवायचं. आवाज शून्य. ज्याची वेळ चालू, त्याच्या बाजूला लाल दिवा.

*

पहिल्याच दिवशी त्या घड्याळासमोर म्हात्रे बसले. खाडीकाठच्या गावातले, मासळीच्या लिलावात आयुष्य गेलेलं. बटनावर हात मारायचे तर शेजारच्या पटावरचे उंट हलायचे.

पहिली चाल केली आणि सवयीने हाणला हात. घड्याळ टेबलावरून उडालं ते थेट नेन्यांच्या मांडीत! नेने पांढरेफटक. "म्हात्रे, टच! टच करायचं असतं!"

म्हात्रेंनी आपला तळवा उलटसुलट बघितला. "टचच केला."

*

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या कदमांची सवय वेगळी. मारलेली सोंगटी हातातच ठेवून तिनेच बटन दाबायचे. ऐट म्हणून. एका रविवारी त्यांना टच घड्याळ आलं, समोर म्हात्रे होते. कदमांनी घोडा मारला आणि त्याच घोड्याने चकती ठोकली. पण चकतीला बोट कळतं, प्लास्टिक कळत नाही. दिवा कदमांच्याच बाजूला.

कदम हाताची घडी घालून खुशीत बसले. म्हात्रे पटाकडे बघत बसले. शेवटी कदमांचीच वेळ संपली.

कदमांचा विश्वासच बसेना. अहो, मग सांगायचं ना, असं ते रडवेले होऊन म्हणाले.

"त्याचाच तर इचार करत व्हतो," म्हात्रे म्हणाले. "सांगू का नको."

*

हे काहीच नाही. म्हात्रेंचा सख्खा मेव्हणा एकदा पाहुणा म्हणून खेळायला आला. त्याला जोरात शिंक आली आणि हात वजिराला लागला. हात लागला की तीच सोंगटी हलवायची, हा नियम. म्हात्रेंनी वजीर हलवायला लावला आणि लगेच मारला. आम्ही सगळे गार! नेने दबक्या आवाजात म्हणाले, अहो, घरचा माणूस आहे.

"घरी मेवना हाय. पटावर कोन नाय."

*

स्वतः नेने एकदा बोटांना पट्टी बांधून आले. सुरीने कापलं होतं. पट्टीतलं बोट चकतीला कळेना, आणि ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ, हा नियम. नेन्यांनी डावभर कोपराने घड्याळ चालवलं! कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "कोपर त्याच हाताचं आहे."

*

आमच्यात सर्वांत वडील कर्णिक सर. त्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. बटनाच्या घड्याळाशेजारी हात कापला तरी बिघडत नसे. टचला मात्र नुसती करंगळी पुरे. चाल न करता घड्याळाला हात लागला तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा डाव गेला, असा क्लबचा नियम. घड्याळ चिठ्ठी टाकून मिळायचं. नेने बदलून द्यायला तयार होते, पण सरांना सवलत नको होती. चहा पिताना ते शांतपणे म्हणाले होते, "हातामुळे डाव गेला, तर पुढच्या रविवारी मी येणार नाही."

आणि चिठ्ठीत टच घड्याळ आलं. समोर म्हात्रे!

मी शेजारच्या पटावर होतो. सरांना एक ताकीद मिळून गेली होती. सर विचार करत होते, आणि थरथरती करंगळी पुन्हा चकतीला लागली. दिवा म्हात्रेंच्या बाजूला गेला. आता म्हात्रे हात वर करून डाव मागणार.

म्हात्रेंनी घड्याळाकडे न बघता आपल्या चकतीवर बोट टेकवलं. दिवा परत गेला. आवाज झाला नाही.

सर मात्र उभे राहिले. "म्हात्रे, तुम्ही डाव मागा."

"कशाचा, सर?"

"माझा हात लागला. दिवा तुमच्याकडे गेला होता."

सगळा हॉल पटाभोवती जमला. म्हात्रे खुर्चीत मागे रेलले.

"माशी बसली आसल."

"मग परत कसा आला?"

"तीच माशी. हिकडं बसली."

वर पंखा फुल स्पीडमध्ये फिरत होता. सरांनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा म्हात्रेंकडे. मग खाली बसले आणि त्यांनी उंट उचलला.