दांडीवरचं वजन

सिद्दीकमामांना कुणी काम सांगू नये, असं त्या दिवशी माझं ठाम मत झालं होतं. कारेगावातली माझी पिठाची गिरणी दौंडला हलवायची, एवढंच काम. जागामालकाला खोली संध्याकाळपर्यंत रिकामी हवी होती, आणि घर चालतं ते या गिरणीवर. पण शिरूरच्या या माणसाने डिझेल जीपला दोनचाकी ट्रॉली जोडायलाच दीड तास लावला.

आधी हूक. हूक सुटलाच तर म्हणून साखळ्या. मग मागचे दिवे. मग हूक पुन्हा सोडवून माझाच धान्याचा काटा ट्रॉलीच्या दांडीखाली सरकवला. "तेराशे किलो माल हाय, राजश्रीताई. दांडीवर सव्वाशे तरी पायजे. पुढं हलकी झाली की मागून शेपूट हालवती."

मोटर पुढे घ्या, जातं जरा मागे, पुन्हा काटा. मी पार वैतागले. गिऱ्हाइकाचं दळण तोलताना मीसुद्धा एवढा कीस काढत नाही.

माझे सासरे म्हाळूआबा तर केव्हाचे धुसफुसत होते. वीस हंगाम त्यांनी बैलगाडीने कारखान्याला ऊस घातला. बैलांच्या मानेवर ओझं येऊ नये म्हणून माल थोडा मागे रचायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मामा नमाजाला गेले तसे ते म्हणाले, "ह्यानं समदं वजन गाडीच्या मानंवर टाकलंय. मोटर मागं सारू का?"

"सारा. पण लवकर," मी म्हणाले.

पहार लावून आम्ही दोघांनी मोटर पार मागे नेली आणि वर ताडपत्री ओढली. मामा आले, पट्टे आवळले आणि निघाले. वजन त्यांनी एकदा केलंच होतं.

न्हावऱ्याच्या पुढे उतार लागला आणि ट्रॉली डोलायला लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग जीपचंच बूड हलवू लागली. समोरून उसाचा ट्रक येत होता. मी ब्रेक म्हणून किंचाळले. मामांनी ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग सरळ धरून फक्त ॲक्सिलेटर सोडला. ट्रक हातभर अंतरावरून गेला. मग हळूहळू डोलणं कमी झालं आणि आम्ही कडेला थांबलो.

मामांनी उतरून ताडपत्री उचलली.

"मोटर कुणी हालवली?"

"बैलाच्या हिशेबानं ठिवली," आबा म्हणाले.

"आबा, बैलाला झेपलं न्हाई तर त्यो खाली बसतो. ही बसत न्हाई. ही समद्यांला घिऊन जाती."

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माझंच चुकलं. सून नको म्हनत व्हती."

"आबा खोटं बोलतायत, मामा," मी म्हणाले. "मीच सारा म्हणाले." सकाळपासून मी सगळ्यांवर चिडत होते. स्वतःचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.