उत्तर न सांगणारे जोगळेकर

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आपण नोकरी करत राहतो आणि माळ्यावर मोडकी बाकं साठावीत तसे ते साठत जातात! सोलापूरच्या आमच्या मराठी शाळेतले माझे निम्मे किस्से तर एकट्या जोगळेकरांचे.

जोगळेकर माझ्या शेजारच्या वर्गाचे मास्तर. पुण्याहून ट्रेनिंग करून आले ते नवी पद्धत घेऊनच. पहिल्याच तासाला चौथीला म्हणाले, "आजपासून मी उत्तरं सांगणार नाही. तुम्हीच विचारायचं, तुम्हीच शोधायचं!"

मग मल्लू उभा राहिला. वळसंगचा पोरगा, शिकायला मामाकडे राहिलेला.

"गुरुजी, तुमाला येत न्हाईत व्हय?"

*

एकदा त्यांनी प्रॉब्लेम घातला : वर न चढता गिरणीच्या धुराड्याची उंची काढा. काठीची सावली मोजा, धुराड्याची मोजा आणि त्रैराशिक मांडा. पोरं दोऱ्या घेऊन उन्हात पळाली. मल्लू अर्ध्या तासात हजर!

"दीडशे फूट, गुरुजी."

"मोजलंस?"

"फाटकावरच्या पहारेकऱ्याला इचारलं."

"अरे, विचारायचं नव्हतं, शोधायचं होतं!"

"शोदलं की! त्यो जाग्यावर कुटं असतोय?"

*

मग मल्लूचा मामा जोगळेकरांकडे तक्रार घेऊन आला.

"गुरुजी, पोरगं घरी बी इचारायलंय. भाकरी का फुगती म्हनं!"

"मग सांगायचं, वाफेनं फुगते."

"सांगितलं की! तर म्हनतंय, बगू दे. तव्यावरच्या भाकरीला काडीनं भोक पाडतंय. चार दिस झाले, घरात एक भाकरी फुगंना!"

*

"बी अंधारात रुजतं का?" या प्रश्नासाठी वर्गाला अंधार हवा होता. तो सापडला हेडमास्तरांच्या कपाटात! आठवड्यानं कपाट उघडलं, तर हजेरीपत्रकावर हुलग्यांना हातहात कोंब.

"रुजतं, सर!" जोगळेकर आनंदानं ओरडले.

हेडमास्तर लालबुंद. "पुढच्या आठवड्यात डेप्युटीसाहेब तपासणीला येताहेत. शेरा वाईट आला, तर तुमची बदली थेट जिल्ह्याच्या टोकाला, नातेपुत्याला!"

त्या दिवशी पहिल्यांदाच जोगळेकरांनी डबा उघडला नाही. बायको बाळंतपणाला टेकलेली होती.

*

डेप्युटीसाहेब आले. जाडजूड, कडक इस्त्रीचे. जोगळेकरांच्या वर्गात शिरले, तेव्हा आम्ही सगळे मास्तर दाराशी उभे.

"पृथ्वी गोल कशावरून?"

उत्तराची वाट न बघता साहेबच म्हणाले, "समुद्रातून गलबत येताना आधी शीड दिसतं, मग खालचा भाग. त्यावरून!"

मल्लू उठला. जोगळेकरांनी डोळे मिटले.

"सायेब, तुमी सोता बगितलंय?"

हेडमास्तरांनी भिंतीला हात टेकला. साहेबांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली.

"नाही रे. मी अजून समुद्रच पाहिला नाही."

"मग आपल्याला हितं कसं कळंल?"

साहेब खुर्ची ओढून पोरांमध्ये बसले ते शाळा सुटेपर्यंत! बाकीचे वर्ग तपासायचे राहूनच गेले. जाताना शेरेबुक मागवलं, दोन ओळी लिहिल्या आणि टांग्यात बसले. हेडमास्तरांनी शेरेबुक न उघडताच माझ्याकडे सरकवलं, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं :

"मुले अत्यंत आगाऊ आहेत. पद्धत चालू ठेवावी."