तुरळक ठिकाणी

तेरच्या पेठेतलं किराणा दुकान मुलानं ताब्यात घेतलं आणि शांतलिंग आप्पांना एकच काम उरलं. रोज संध्याकाळी महादेवाच्या देवळातल्या भोंग्यावरून हवामान वाचून दाखवायचं. मोबाईलवर सगळ्या देशाचा अंदाज यायचा आणि आप्पा पार काश्मीरपासून सुरू करायचे. पारावरची माणसं हसायची. आप्पा म्हणायचे, "सगळं ऐकून घ्यावं. ढगाला काय जिल्हा कळतो व्हय?"

दसरा झाला होता. यंदा पावसानं पाठ सोडली नव्हती. त्या संध्याकाळी आप्पांनी वाचलं, की वायव्येकडून मान्सून माघारी फिरलाय, ओडिशाकडं जोर राहील, मराठवाड्यात दोन दिवस बहुतेक उघडीप, तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस.

सकाळी हरणाबाई चहापत्ती न्यायला दुकानी आली. नवरा गेल्यापासून मेंढरं ती एकटीच राखायची. चिखलानं मेंढरांचे खूर सडले होते.

"आप्पा, मेंढरं तेरणा नदीच्या वाळूत बसवावी म्हणते. कोरडं हाय तिथं. पण ते तुरळक म्हंजे कुठं वो?"

"आसंल कुठंतरी. आपल्याकडं न्हाय पडायचा. जा खुशाल."

दुपारी तेरमध्ये लख्ख ऊन होतं. पाऊस नदीच्या वरच्या अंगाला पडला होता. तांबडा लोंढा वळणावरून आला, तेव्हा मेंढरं वाळूत निवांत रवंथ करत बसली होती. हरणाबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरली. पलीकडच्या रानातल्या माणसांनी तिला केसाला धरून ओढून काढलं. काठाच्या खडकावर चढलेली तेवढी तीन मेंढरं वाचली.

पंचनाम्याला आलेल्या माणसानं भरपाई हवी तर मेलेली जनावरं दाखवा म्हटलं. आप्पा धोतर खोचून काठाकाठानं हिंडले. बाभळीत अडकलेली पाचसहा सापडली. बाकीची कुठं दाखवायची?

आप्पा तिच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसली होती.

"हरणाबाई, म्याच म्हणलो गं, न्हाय पडायचा म्हणून."

"तुमी काय आभाळात जाऊन बघितलं व्हतं व्हय, आप्पा?" ती शांतपणे म्हणाली. "बसा. पाणी आणते."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आप्पांना वाटलं.

त्यानंतर ते भोंग्याकडं फिरकले नाहीत. कुणी विचारलंही नाही. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाईल होताच.

दिवाळीआधी हरणाबाईनं उरलेली तीन मेंढरं भावकीत देऊन टाकली आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाली. ट्रॅक्टर पेठेतून गेला तेव्हा आप्पा दुकानाच्या पायरीवर बसले होते. ती ट्रॉलीत मागं, गाठोड्यांवर, वाटेकडं पाठ करून बसली होती. हाक मारावी म्हणून आप्पा उठले. पण हाक मारून सांगायचं काय, ते त्यांना सुचलं नाही.