घडीच्या आतला मोर

सुरतेच्या कापड बाजारात माणसाची किंमत तो गादीवर कुठे बसतो यावरून कळते. दुकानभर पांढरी गादी अंथरलेली असते. मागच्या भिंतीशी लोडाला टेकून शेठ. त्याच्या हाताशी दलाल. मधे गिऱ्हाईक, कारण त्याच्यापुढे साड्या पसरायच्या असतात. आणि अगदी कडेला, एक मांडी गादीवर आणि एक पाय चपलेत ठेवून जो बसतो तो आर्टिस्ट. गजेंद्र बाविस्कर बाजारात आल्यापासून तसाच बसत होता. त्याच्या डाव्या मांडीला गादी ठाऊक होती, उजवीला नव्हती.

मूळचा तो पारोळ्याचा. तिकडे लग्नघरांच्या भिंतींवर गणपती आणि केळीचे खांब रंगवायचा. सुरतेत आल्यावर भिंत गेली आणि कागद आला. साडीचा काठ, अंगावरची बुट्टी आणि पदर हे तो कागदावर पोस्टर कलरने काढायचा. कागद छापखान्यात जायचा आणि त्याच्या हजारो साड्या व्हायच्या. तो कुणाचा नोकर नव्हता. नगावर काम, चार-पाच दुकानं बांधलेली. बाजारात अशा माणसाला स्वतंत्र म्हणत. म्हणजे काम नसलं की त्याला कुणी विचारायला बांधील नाही.

त्यातलं मोठं दुकान ठाकोरभाईंचं. ठाकोरभाई अस्सल सुरती. खानदेशातल्या गिऱ्हाइकांशी आयुष्यभर बोलून त्यांची मराठी तयार झाली होती, ती गुजराती हाडावर चढवलेल्या मराठी मांसासारखी होती. गजेंद्रबद्दल त्यांचं मत बरं होतं. प्लेगच्या साली अर्धं सुरत ढुंगणाला पाय लावून पळालं, तेव्हा हा माणूस पळताना त्यांच्या डिझाईनच्या कागदांची नळी काखेत घेऊन गेला आणि परत येताना घेऊन आला. शिवाय एकदा त्यांनी सहज विचारलं होतं, "समोरवाला या सीझनला शू छापतो, काय छापतो, गजेंद्रभाई?"

समोरच्या दुकानाचंही काम गजेंद्रच करत होता. तो म्हणाला, "ठाऊक नाही, शेठ."

"अरे, तूच तर काढतो!"

"काढतो. पण ठाऊक नाही."

ठाकोरभाई दोन दिवस रागावले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की हा आपलंही समोर सांगत नसणार. राग गेला. पण म्हणून काही त्यांनी त्याला गादीवर आत सरकवलं नाही. इमानदारी ठीक आहे, तिला कडेला बसूनही काम करता येतं.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर ठाकोरभाईंनी त्याला बोलावून घेतलं. लग्नसराईसाठी खानदेशात पाठवलेला आदल्या सालचा माल गठ्ठ्यांनी परत आला होता. स्वस्त साडी, छान छपाई, तरी परत. निदान ठाकोरभाईंनी स्वतःच केलं होतं. "पदर फिक्का पडला. आता भारी पदर पायजे. डझनभर नवे पदर काढ. रंग वाढव. मोर, हत्ती, पालखी, जे येतं ते सगळं टाक."

पुतण्या भाविन जवळच उभा होता. तो नुकताच कुठेतरी कॉम्प्युटरवर डिझाईन होताना बघून आला होता. "काका, आ लॉट पण परत आला, तर कॉम्प्युटरच घेऊ. हातकाम बंद."

हे तो गजेंद्रकडे बघून म्हणाला नाही. तेवढी सभ्यता त्याच्यात होती.

गजेंद्र नळी घेऊन लिंबायतला घरी आला. इतके पदर एकदम त्याला कधीच मिळाले नव्हते. आणि पदर ही त्याची खरी हौस. काठ आणि बुट्टी कुणीही काढतं, पदरात माणूस दिसतो असं त्याचं मत होतं. त्याने खिडकीखाली पाट मांडला आणि पालखीपासून सुरुवात केली.

त्याच खोलीत दुसऱ्या टोकाला बायको, शोभाबाई, पत्र्याची पेटी उघडून बसली होती. तिच्या भावाच्या मुलीचं पारोळ्याला लग्न निघालं होतं, आणि आहेराच्या साड्या काढायच्या होत्या. मदतीला शेजारच्या पुष्पाबाई. आहेराची साडी नेसायची नसते हे सांगायला नको. ती एका लग्नात मिळते, पेटीत पडते, दुसऱ्या लग्नात दिली जाते, तिथून तिसऱ्या. असं तिचं आयुष्य जातं. या प्रवासात एकच अपघात संभवतो: साडी जिने दिली तिच्याच घरी परत जाणं. शोभाबाईच्या हातून तो घडून चुकला होता. नणंदेची साडी नणंदेलाच गेली होती. "आमनीच साडी आमले" हे वाक्य नणंद तेव्हापासून बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही वापरत असे.

"हाई कोना घरनी शे वं?" शोभाबाईने एक मरून साडी वर धरली.

"तुनी नणंदनीच व्हई."

"तिनी बी अशीच, मनी भावजय मंदानी बी अशीच. दोन्ही एकच रंगन्या. आते कोनती कोनी, कशी समजी?"

"म्हनीसन तं मी मांगला साल ही साडी घेतीच नही," पुष्पाबाई म्हणाल्या. "आख्खा पारोळामा एकच रंग. कोनी कोनले दिन्ही, काय हिसाब राही?"

गजेंद्रचा कुंचला पालखीच्या दांडीवर थांबला. ती मरून साडी ठाकोरभाईंची होती, ज्या लॉटचा उरलेला माल परत आला त्यातली.

तो उठून पेटीपाशी आला. तळाशी एक निळी साडी होती, तिच्या काठावरची वेल त्याने ओळखली. त्या वेलीच्या साडीला त्याने मोराचा पदर काढला होता. आयुष्यातला सगळ्यात चांगला मोर. मान मागे वळवलेला, पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळ्या निळ्याचा. कागद छापखान्यात गेल्यावर तो त्याला पुन्हा दिसला नव्हता. आता कुठल्या कुठल्या लग्नांतून फिरत तो त्याच्याच घरी पोचला होता, दुकानाच्या चिकटपट्टीसकट. गजेंद्रने घडीत बोट घातलं.

"ओ! घडी नका मोडू!" शोभाबाई ओरडली. "घडी मोडी का मंग ती आहेरमा चालत नही."

"अगं, हाऊ मोर मना शे."

"मोर तुमना, साडी आहेरनी."

"एकदाव पदर देखू दे."

"पदर कोन देखस? साडी देनी शे, नेसनी थोडी शे!" आणि तिने ती काढून घेतली. पुष्पाबाई पदरात तोंड घालून हसल्या. तो पदर मात्र छापील होता आणि रोज दिसत होता.

गजेंद्र पाटावर परत बसला. पालखी सुंदर आली होती. ती घडीच्या आत जाणार होती. आजवरचे सगळे पदर त्याने अशाच अंधारात पाठवले होते. आणि ठाकोरभाई आता आणखी डझनभर पाठवायचे म्हणत होते. त्याला एवढं कळलं की हा लॉटही परत येणार. आणि हे शेठला सांगितलं, तर सगळ्यात आधी त्याचंच काम जाणार. सांगू नये, पदर काढून द्यावेत, पैसे घ्यावेत, हा मार्ग बाजारात मान्य होता. आर्टिस्टने काढायचं असतं. मत शेठला असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात गेला आणि कडेला बसला. "शेठ, ते पदर नका करू."

"शू?"

"ही साडी कुणी उघडत नाही. बायका देतात, नेसत नाहीत. पदर साधा ठेवा, एखादा पुरे. खर्च घडीवर करा, वरून दिसतं त्यावर. आणि एका गावाला एकच रंग नका पाठवू. कुणाची कुठली हे कळलं नाही, की बाई घाबरते. घाबरली की घेत नाही."

ठाकोरभाईंनी चष्मा काढला. "तुला काम करायचा कंटाळा आला?"

"नाही."

"दुसऱ्याने जास्त दर दिला?"

"नाही."

"तर मग, गजेंद्रभाई, तमे पदर काढा, धंदा माझ्यावर सोडा."

"पदर काढून देतो. पण विचाराल तर नको म्हणेन."

"मी विचारलं क्यां?"

हे खरं होतं. गजेंद्रने चप्पल पूर्ण घातली आणि उतरला. त्यानंतर ठाकोरभाईंचं बोलावणं बंद झालं. बाकीच्या दुकानांचे काठ आणि बुट्ट्या चालू होत्या, पण पाटावर पालखी अर्धीच राहिली. "शानपन कोनी सांगेल व्हतं तुमले?" शोभाबाई विचारायची. शहाणपण तिनेच शिकवलं होतं हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. पारोळ्याचं लग्न झालं. निळी साडी त्या लग्नात जायची राहिली, तीही मंदाची की नणंदेची हे नक्की होत नव्हतं म्हणून. मोर पेटीतच राहिला.

लग्नसराई उतरणीला लागली, तेव्हा कोपऱ्यावरच्या टेलिफोनवाल्याने हाक मारली. ठाकोरभाईंनी लगेच बोलावलं होतं.

गजेंद्र पोचला आणि सवयीने कडेला टेकला.

"अहीं आव," ठाकोरभाई म्हणाले आणि शेजारचा लोड थापटला. गजेंद्रने उजवी चप्पल काढली. गादी इतकी लांब आहे हे त्याला चालताना कळलं.

"तू गेला, मला राग आला," ठाकोरभाई सांगू लागले. "घरी जाऊन बायकोला म्हटलं, तुझ्या साड्या दाखव. कपाट उघडलं. अर्ध्या साड्या बंद घडी! मी म्हटलं, आ शू? ती म्हणे, आपवानी छे. द्यायच्या आहेत. पंचवीस वर्षं मी साड्या विकतो, मला घरात कोणी सांगितलं नाय."

"तुम्ही विचारलं नसेल."

ठाकोरभाईंनी हे गिळलं. "माल तू बोलला तसा केला. रंग वेगळे, पदर एक. परत नाय आला." मग आवाज उतरवून, भाविन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला आहे हे बघून, त्यांनी विचारलं, "आता खरं सांग. कॉम्प्युटर घेऊ?"

गजेंद्रने लोडाला टेकून बघितलं. लोड दगडासारखा होता. एवढी वर्षं त्याला तो मऊ वाटत आला होता. ठाकोरभाईंनी हा प्रश्न दलालाला विचारला असता, तर त्याने दलाली मोजली असती. पुतण्याला विचारला असता, तर त्याने हट्ट केला असता. त्यांनी तो विचारला होता ज्याचं काम जाणार त्याला, आणि त्याच्याकडून खरं उत्तर येईल असं धरून.

"घ्या," गजेंद्र म्हणाला. "एका डिझाईनचे इतके रंग करायचे, तर ते हाताने पुरणार नाही."

"आणि तू?"

"रंग कुठला कुठल्या गावाला पाठवायचा, ते कॉम्प्युटर कुणाला विचारणार?"

ठाकोरभाई हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला, आणि तो आधी गजेंद्रपुढे ठेवायला लावला.

कॉम्प्युटर आला. हातकाम बरंच गेलं, अगदी गेलं नाही. गजेंद्रला आता आठवड्यातून दोनदा बोलावणं येई, आणि नळी न घेता. लॉट काय करावा हे विचारलं जाई. पुढे भाविनने दुकान वेगळं मांडावं का, ठाकोरभाईंनी मुलगी बारडोलीत द्यावी का, हेही. या कामाचा दर काय हे दोघांनाही ठरवता येईना, म्हणून ठाकोरभाई महिन्याला काहीतरी पाकिटात घालत आणि गजेंद्र ते न मोजता घेई. घरी येऊन मोजी.

दिवाळीला पाकिटाबरोबर एक साडी आली. भाविनने जुन्या कागदावरून मोर कॉम्प्युटरवर घेतला होता आणि शेंदरी रंगात एकच नग छापून आणवला होता, खास गजेंद्रभाईंच्या घरासाठी. गजेंद्रने ती शोभाबाईच्या हातात दिली आणि घरातही एकदा सल्ला देऊन पाहिला.

"हाई नको दऊ कोनले. घडी मोड. नेस."

शोभाबाईने साडी उलटसुलट पाहिली. रंग फारच आवडला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अशा रंगनी आपला गावमा एकबी नही," ती म्हणाली. "कोनी दिन्ही ते जनमभर ध्यानमा राही. हाई तं कोनताबी लगनमा चाली."

आणि तिने ती पेटीत, निळीच्या वर, घडी न मोडता ठेवली.