शिवामामाची साईड ए

शिवामामा सणाला जेवायला बसला की पुरणपोळीवर आधी गुळवणी ओतायचा आणि मग त्याच्यातच कटाची आमटी. मामी दर सणाला ओरडायची आणि तो दर सणाला तेच सांगायचा, "मिसळल्याबिगर कळत न्हाय, काय ग्वाड हाय न् काय तिखट." ताटाचं सोडा, गाण्यातही तो तसाच होता आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं, म्हणून आधी हे सांगितलं.

मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ, कळस गावचा. पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात गायला, कीबोर्ड वाजवला. इंदापूर-बारामतीत असा गणपती नसेल ज्याच्यापुढं तो पांढरे बूट घालून उभा राहिला नाही. हिंदी गाणी तर सांगाल ती पाठ. पण सगळी दुसऱ्यांची. पन्नाशी आली आणि त्याच्या डोक्यात बसलं की स्वतःची एक कॅसेट काढायची. तिच्यात काय, तर आपली धनगरी ओवी, आपला ढोल, आणि त्याच्याबरोबर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बँडवाल्यांचा ट्रम्पेट. सगळं एकत्र! नाव पण ठरवून टाकलं, 'माळावरचा डिस्को'.

ओवी गाणार आबा. आबा म्हणजे मामाचे चुलते. मेंढरं विकून शेतीला लागून त्यांना जमाना झाला होता, पण बिरोबाची ओवी त्यांच्यासारखी आसपासच्या गावांत कुणाला येत नव्हती. त्यांना हे काही पटेना. मामा महिनाभर रोज सकाळी त्यांच्या गोठ्यात जाऊन बसायचा. शेवटी आबांनी एक अट घातली. आमच्यात ओवी उचलली की पुरी करायची. आणि ती संपून भंडारा उधळेपर्यंत ऐकणाऱ्यानंही उठायचं नाही, मग लेकरू रडो नाहीतर गुरं सुटोत.

"अर्धी ठिवनार आसशील, तर मी येत न्हाय," आबा म्हणाले.

मामानं घड्याळ लावून त्यांची ओवी मोजली. सव्वीस मिनिटं. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. बसतेय की, म्हणाला, आणि शब्द दिला.

पुण्यात रेकॉर्डिंगला जाऊन आबा गायले आणि त्याच दिवशी एष्टीनं परत आले. मागं मामानं कडव्यांच्या मधे मधे आपलं म्युझिक भरायला घेतलं. इथं कीबोर्ड, तिथं ट्रम्पेट, आणि ते इतकं मस्त जमलं की ओवी गेली पस्तीस मिनिटांवर. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, एक तर तुमचा ट्रम्पेट कापा, नाहीतर शेवटी आवाज हळूहळू खाली घेऊ, कुणाला कळत नाही. मामानं ट्रम्पेट ठेवला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, खाली बघत. "पंचवीस वर्षं दुसऱ्याचं वाजवलं गं. माझं तेवढंच व्हतं."

आबांना मात्र काही बोलला नाही.

कॅसेट आली तेव्हा बिरोबाच्या देवळापुढं टेप लावला. निम्मं गाव गोळा झालं होतं. आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. ढोलात ऑक्टोपॅड मिसळला तेव्हा पोरं नाचायला लागली, आबासुद्धा डोळे मिटून मान हलवत होते. मग शेवटाला आबांचा आवाज लहान होत गेला, जसे काही ते माळावरून लांब लांब चाललेत. खट्ट करून बटण वर आलं.

कुणी उठलं नाही. आबा मुठीत भंडारा धरून वाट बघत होते.

मामानं घाईनं कॅसेट उलटी केली. त्या बाजूला त्याचं प्रेमगीत होतं. आबांनी हातानंच बंद कर म्हणून खूण केली. मग म्हणाले, "ऱ्हायलेली तू म्हन, शिवा."

मामानं तोंड उघडलं. एवढी गाणी पाठ असलेला माणूस, पण हा शेवट त्याला येत नव्हता. लहानपणी ऐकलेला, पण शिकलाच नव्हता. आबांना उरलेली ओवी स्वतः म्हणता आली असती. त्यांनी म्हटली नाही. ते उठले आणि भरल्या मुठीनंच घराकडं गेले. ओवी अर्धी असताना आबा उठले, असं कळसात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

कॅसेट मात्र दणक्यात चालली. जीपमध्ये, रसवंतीत, उसाच्या ट्रॅक्टरवर, कुठंही. मामा ती लागली की तिथून निघून जायचा. आबांच्या मागं झील धरणारे एक म्हातारे होते, भिकूतात्या, त्यांच्याकडं चार महिने जाऊन तो शेवट शिकला. आणि गेला आबांना म्हणून दाखवायला. आबा तेव्हा अंथरुणाला टेकलेले.

"मला कशाला ऐकीवतो? मला येतीया की," आबा म्हणाले. "ज्यांनी अर्धी ऐकली, त्यांच्यापुढं म्हन जा."

त्याच महिन्यात आबा गेले.

आणि मामानं ते अक्षरशः धरलं. साईड ए संपताना तो जिथं असेल तिथं उभा राहून उरलेलं गायचा, विनामाईक. लोक हसायचे. काटेवाडीला एका हॉटेलवाल्यानं चक्क सांगितलं, मामा, गिऱ्हाईक उठून चाललंय. मला तर त्याच्याबरोबर बाहेर जायची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

परवा आम्ही दोघं इंदापूर स्टँडवर होतो. कँटीनमध्ये तीच कॅसेट लागली होती. आवाज विरत गेला तसा मामा उठला आणि सुरू झाला. कॉलेजची पोरं फिदीफिदी हसत होती. मी चहात बघत बसले. कोपऱ्यात खांद्यावर घोंगडं टाकलेले एक म्हातारबाबा होते. बाहेर भिगवणची गाडी लागली, कंडक्टर ओरडला, बाबांबरोबरचा माणूस त्यांना चला चला म्हणून ओढायला लागला. बाबा जागचे हलले नाहीत. कंडक्टरनं डबल बेल दिली, गाडी गेली.

मामानं शेवटची ओळ म्हटली. तेव्हा बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले, जोडलेले हात कपाळाला टेकवले आणि मामालाच विचारलं, "आता फुडची गाडी कवा हाय?"